पहिल्या बिल्डला बोर्ड मुका, दुसऱ्याला ठणठणीत: बिल्डरूटमधल्या बूटलोडर पॅकेजचा जुनाच घोळ

लक्षण असं. रिकाम्या आउटपुट डिरेक्टरीत बिल्डरूटचा (बोर्डासाठी अख्खी लिनक्स इमेज बनवणाऱ्या साधनाचा) पूर्ण बिल्ड लावला. एकही एरर न येता कार्डाची इमेज तयार झाली. कार्ड बोर्डात घातलं, सीरियल कन्सोल उघडला, वीज दिली. एसपीएलच्या, म्हणजे यू-बूट या बूटलोडरच्या पहिल्या छोट्या टप्प्याच्या, आवृत्तीची ओळ आली, पाठोपाठ 'ट्राइंग टू बूट फ्रॉम एमएमसी१' आलं आणि मग चिडीचूप. टीएफ-एची (ट्रस्टेड फर्मवेअर-ए, एआरएम चिपवर यू-बूटच्या आधी चालणारं फर्मवेअर) 'नोटिस: बीएल३१' ही ओळ नाही, यू-बूटचा प्रॉम्प्ट तर नाहीच. मग कोणीतरी कोडला हातही न लावता फक्त लोडरचं पॅकेज पुन्हा बिल्ड करतं, नवी इमेज कार्डावर चढवतं, आणि बोर्ड काही झालंच नाही अशा थाटात उठतो.

इथे बहुतेक जण सुस्कारा सोडून पुढच्या कामाला लागतात. पुढच्या स्वच्छ बिल्डला तोच खेळ पुन्हा.

कारण आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना खाली यायची गरज नाही. लोडर तयार होताना त्याच्या पोटात बीएल३१ची, म्हणजे टीएफ-एच्या त्या भागाची, फाइल भरावी लागते. ती फाइल दुसरं पॅकेज बनवतं आणि इमेजेस डिरेक्टरीत ठेवतं. पण ते पॅकेज आधी झालं पाहिजे, हे बिल्डरूटला कोणी सांगितलेलंच नसतं. पहिल्या खेपेला फाइल तिथे नसते. दुसऱ्या खेपेला पहिल्या बिल्डनेच ती तिथे ठेवलेली असते. एवढंच. पण हे 'एवढंच' आमच्याकडे कित्येक महिने कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

(व्हेरिएबलची आणि कमांडची नावं उच्चाराप्रमाणे लिहितोय. मेकफाइलीत ती रोमन मोठ्या अक्षरांत, पुढे पॅकेजचं नाव जोडून येतात, हे बिल्डरूट वापरणाऱ्याला सांगायला नको.)

आमच्याकडे काय झालं

चिप ६४ बिटी एआरएम. चिपवाल्यांनी दिलेला यू-बूटचा जुना फोर्क (त्यांनी बदललेली प्रत) आम्ही आमच्या एक्सटर्नल ट्रीमध्ये (बिल्डरूटच्या बाहेर ठेवलेल्या आमच्या पॅकेजांच्या डिरेक्टरीत) 'स्टेज२-लोडर' नावाने पॅकेज केला होता. बीएल३१ त्यांच्याकडून तयार बायनरी म्हणून आला होता, त्याचं वेगळं पॅकेज होतं: 'बीएल३१-ब्लॉब'. दोन्ही पॅकेजं वर्षभर गुण्यागोविंदाने नांदत होती. मग एकदा साफसफाईच्या भरात कोणीतरी दुसऱ्याचं नाव बदलून 'व्हेंडर-बीएल३१' केलं. नुसतं नाव. रिव्ह्यूमध्ये मीच होकार दिला होता, तेव्हा कोणाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

त्या रात्रीपासून बिल्ड सर्व्हरवरची इमेज मुकी यायला लागली. आमच्या डेस्कवरच्या मशिनांवर मात्र सगळं सुरळीत, कारण तिथे आउटपुट डिरेक्टरी आठवडेच्या आठवडे पुसली जात नाही. "माझ्याकडे चालतंय" हे वाक्य त्या दिवसांत इतक्यांदा ऐकलं की शेवटी एकाने सर्व्हरच्या स्क्रिप्टमध्येच एक ओळ टाकली: मेक झाल्यावर 'मेक स्टेज२-लोडर-रीबिल्ड', आणि मग पुन्हा मेक. इमेज चालायला लागली. ती ओळ का आहे, हे नंतर आलेल्या कोणालाच माहीत नव्हतं, आणि काढायची हिंमतही कोणाची नव्हती.

नाव बदलल्याने बूट का बिघडावं? टॉप-लेव्हल पॅरलल बिल्ड चालू नसेल तर बिल्डरूट एका वेळी एकच पॅकेज घेतो. डिपेन्डन्सी जाहीर केलेली नसली की पॅकेजं ज्या क्रमाने मेकफाइलीत आली त्याच क्रमाने होतात, आणि एक्सटर्नल ट्रीमधली पॅकेजं आम्ही, बहुतेकांसारखीच, वर्णानुक्रमे लावून घेतली होती. रोमन वर्णानुक्रमात 'बी' हा 'एस'च्या आधी, म्हणून ब्लॉब आपोआप लोडरच्या आधी व्हायचा. नवं नाव 'व्ही'ने सुरू होतं, म्हणून लोडरचा नंबर आधी लागला. वर्षभर ते पॅकेज बरोबर नव्हतंच. नशिबावर चाललं होतं.

मग बिल्ड तिथेच का नाही पडला?

हा खरा चीड आणणारा भाग. यू-बूटच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये एफआयटी इमेजचं (लोडरचे सगळे भाग एकत्र बांधणाऱ्या फाइलीचं) वर्णन तयार करणाऱ्या ज्या स्क्रिप्ट होत्या, त्यांच्यातल्या काही बीएल३१ सापडला नाही तर थांबत नसत. "फाइल सापडली नाही, तयार होणारी बायनरी चालणार नाही" अशा अर्थाचा एक इशारा छापायच्या आणि बीएल३१च्या जागी चक्क डेव्ह-नल (लिनक्समधली कायम रिकामी फाइल) धरून पुढे जायच्या. म्हणजे इमेज बनते, तिच्यात एटीएफ (टीएफ-एचंच जुनं नाव) नावाचा कप्पाही असतो, फक्त तो रिकामा. एसपीएल तो इमानेइतबारे रॅममध्ये उतरवतो आणि जिथे काहीच नाही तिथे उडी मारतो.

आता बिनमॅन (इमेजचे भाग जोडणारं यू-बूटचं साधन) वापरणारं यू-बूट याबाबतीत कडक झालंय. बाहेरचा ब्लॉब नसेल तर इमेज निकामी आहे असं सांगून बिल्ड अडवतं. त्यातही 'बिनमॅन अलाउ मिसिंग' हा व्हेरिएबल १ केला की पुन्हा डोळेझाक. तो व्हेरिएबल नुसत्या कंपाइल-तपासणीसाठी ठीक आहे. तुमच्या पॅकेजच्या मेक ऑप्शन्समध्ये कोणी 'एरर जात नव्हता म्हणून' तो घालून ठेवला असेल, तर आधी तो काढा आणि मग पुढचं वाचा.

संशय पक्का कसा करायचा

अंदाजाने डिपेन्डन्सी जोडून बघू नका, कारण जोडल्यावर तुम्ही रीबिल्ड करणार, आणि रीबिल्डने तर ते तसंही चालतं. काय सुधारलं ते कळणारच नाही. मी या क्रमाने बघतो.

आधी लॉग. पूर्ण बिल्डचं आउटपुट फाइलीत वळवून घ्या आणि त्यात 'नॉन-फंक्शनल' शोधा. हजारो ओळींत ती एकच ओळ असते, आणि तिच्यानंतर शेकडो फाइली सुखाने कंपाइल झालेल्या दिसतात, म्हणून डोळ्यांना सापडत नाही. ग्रेप या शोधणाऱ्या कमांडला लगेच सापडते.

मग घड्याळ. बिल्डरूट आउटपुटमधल्या बिल्ड डिरेक्टरीत 'बिल्ड-टाइम.लॉग' नावाची फाइल ठेवतो. तिच्याकडे फारसं कोणी फिरकत नाही, पण प्रत्येक पॅकेजचा प्रत्येक टप्पा कधी सुरू झाला आणि कधी संपला, हे तिच्यात सेकंदासकट असतं. तिच्यातून दोन ओळी काढायच्या: लोडरचा 'बिल्ड' टप्पा सुरू झाल्याची आणि ब्लॉबचा 'इन्स्टॉल-इमेज' टप्पा संपल्याची. आमच्याकडे दुसरी ओळ पहिलीच्या बरीच खाली होती. त्यानंतर कोणी वाद घातला नाही.

मग जाहीर डिपेन्डन्सी. 'मेक स्टेज२-लोडर-शो-डिपेन्ड्स' चालवा. यादीत टूलचेन (कंपायलर वगैरे) दिसेल, होस्टची एखाद-दोन साधनं दिसतील. बीएल३१ देणारं पॅकेज दिसत नसेल, तर गुन्हेगार हाती लागला.

शेवटी प्रेत उघडून बघा. यू-बूटच्याच टूल्स डिरेक्टरीत 'डम्पइमेज' तयार झालेलं असतं. त्याला यादीचा पर्याय देऊन आयटीबी फाइल (तयार झालेली एफआयटी इमेज) दिली की आतले कप्पे नावानिशी आणि आकारासकट छापले जातात. यू-बूटचा कप्पा काही शे किलोबाइटचा, डिव्हाइस ट्रीचा काही दहा किलोबाइटचा, आणि एटीएफपुढे शून्य. सर्व्हरवरची आयटीबी आणि डेस्कवरची आयटीबी शेजारी शेजारी लावून ही यादी बघितली तेव्हा टीममधले दोघं एकदम हसले.

दुरुस्ती

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. अनेक जण कॉन्फिग.इनमध्ये (पॅकेजच्या मेनूतल्या पर्यायांच्या फाइलीत) ब्लॉबच्या पॅकेजला 'सिलेक्ट' करतात आणि डिपेन्डन्सी झाली असं समजतात. आमच्या पॅकेजमध्येही सिलेक्ट होताच. सिलेक्टचा अर्थ एवढाच, की लोडर निवडला तर ब्लॉबही निवडला जाईल. कोण आधी, कोण नंतर, याच्याशी केकॉन्फिगचा (या मेनूच्या यंत्रणेचा) काहीही संबंध नाही. क्रम ठरतो तो डॉट-एमके फाइलीतल्या 'डिपेन्डन्सीज' व्हेरिएबलवरून. दोन्ही लागतात. नुसता सिलेक्ट असेल तर पॅकेज कधीतरी होतं. नुसती डिपेन्डन्सी असेल आणि ते पॅकेज निवडलेलंच नसेल, तर बिल्डरूट तक्रार करून थांबतो, ते निदान बरं.

तेव्हा स्टेज२-लोडरच्या एमके फाइलीत डिपेन्डन्सीजमध्ये व्हेंडर-बीएल३१ जोडा. मेक ऑप्शन्समध्ये बीएल३१चा मार्ग बायनरीज डिरेक्टरीतल्या फाइलीचा पूर्ण मार्ग म्हणून द्या. आणि बिल्ड कमांड्सच्या सुरुवातीला, यू-बूटचा मेक सुरू व्हायच्या आधी, 'टेस्ट -एस'ची एक ओळ घाला: फाइल आहे आणि ती रिकामी नाही, नाहीतर इथेच थांब. ही शेवटची ओळ मी आता प्रत्येक फर्मवेअर पॅकेजमध्ये घालतो, ब्लॉब कोणाचाही असो. यू-बूटची पुढची आवृत्ती इशारा देईल की अडवेल, यावर मला अवलंबून राहायचं नाही.

बिल्डरूटमधलं मूळ यू-बूट पॅकेज आणि मूळ टीएफ-ए पॅकेज वापरत असाल तर हे हाताने करायचं कारण नाही. यू-बूटच्या मेनूत 'नीड्स एटीएफ बीएल३१' हा पर्याय आहे. तो निवडला की डिपेन्डन्सी आणि मेक ऑप्शन दोन्ही जागच्या जागी बसतात. काही चिपवर उलटं असतं, टीएफ-एच्या एफआयपीत (त्याच्या एकत्रित इमेजमध्ये) यू-बूट बीएल३३ (बीएल३१नंतरचा टप्पा) म्हणून जातो. मूळ पॅकेजांत दोन्ही दिशा एकदम चालू होऊ नयेत याची काळजी घेतलेली आहे. स्वतःच्या पॅकेजांत ती तुमची जबाबदारी, आणि चक्र तयार झालं तर मेक फक्त 'सर्क्युलर डिपेन्डन्सी ड्रॉप्ड' एवढं पुटपुटून त्यातला एक दुवा सोडून देतो. तो कुठला, ते तुम्ही ठरवत नाही.

दुरुस्ती तपासायची तर पूर्ण रिकाम्या आउटपुटमध्येच. आणि शक्य असेल तर 'पर-पॅकेज डिरेक्टरीज' चालू करून, मेकला समांतर कामांची संख्या देऊन. या पद्धतीत प्रत्येक पॅकेजला फक्त त्याने जाहीर केलेल्या डिपेन्डन्सींचीच होस्ट साधनं दिसतात, त्यामुळे यू-बूटला लागणारे ओपनएसएसएल, पायथनचं पायएल्फटूल्स, स्विग वगैरे विसरले असतील तर तेही उघडे पडतात. मात्र इमेजेस डिरेक्टरी तेव्हाही सगळ्यांची एकच असते. म्हणजे आपला मूळ आजार पर-पॅकेजने बरा होत नाही. समांतर बिल्डमध्ये तो कधी दिसेल, कधी नाही, असा आणखी लहरी होतो.

डिपेन्डन्सी जोडली, तरी बोर्डावर जुनंच येतंय

हा त्याच घरातला दुसरा प्रश्न. डिपेन्डन्सी क्रम लावते, बदल पोचवत नाही. ब्लॉबची आवृत्ती बदललीत आणि मेक म्हणालात, तर ब्लॉब नवा होईल, पण लोडरच्या बिल्ड डिरेक्टरीत 'स्टॅम्प-बिल्ट' नावाची लपलेली फाइल बसलेली असते. तिचा अर्थ: हे काम झालंय. बिल्डरूट लोडरकडे वळूनही बघत नाही. हा बग नाही, बिल्डरूटने जाणून घेतलेला निर्णय आहे. बदलांचा अंदाज बांधण्यापेक्षा तो ते तुमच्यावर सोडतो.

म्हणून ब्लॉब बदलला की लोडरला 'रीबिल्ड', लोडरचं कॉन्फिग बदललं की 'रीकॉन्फिगर', पॅच किंवा आवृत्ती बदलली की 'डर्क्लीन' आणि मग मेक. आणि हे विसरू नका, की डर्क्लीन फक्त बिल्ड डिरेक्टरी उडवतो. इमेजेसमध्ये आधी ठेवलेल्या फाइली तशाच राहतात. बोर्डाला आयटीबी हवी असताना मेनूत फक्त साधी बिन निवडलेली असेल, तर नवी बिन येते, आयटीबी मागच्या महिन्याचीच राहते, आणि जेनइमेज (कार्डाची इमेज जोडणारं साधन) तीच उचलून कार्डात घालतो. इमेजेसमधली फाइल हाताने पुसलीत तर त्या पॅकेजला 'रीइन्स्टॉल' द्यावं लागतं, नाहीतर तिचाही स्टॅम्प "ठेवली आहे" असंच म्हणत राहतो.

नवं की जुनं, हे ठरवताना यू-बूटच्या बॅनरवरच्या तारखेवर भरवसा ठेवू नका. रीप्रोड्युसिबल बिल्ड चालू असेल तर ती तारीख 'सोर्स डेट इपॉक'वरून येते, तुमच्या घड्याळावरून नाही. त्यापेक्षा 'लोकल व्हर्जन'मध्ये काहीतरी ओळखीचं घाला. किंवा तीन ठिकाणचे शा-२५६ (फाइलीचे ठसे) जुळवा: बिल्ड डिरेक्टरीतली फाइल, इमेजेसमधली फाइल, आणि डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने कार्डावरून तेवढेच बाइट वाचून काढलेली फाइल. पहिली-दुसरी जुळत नसतील तर इन्स्टॉलचा टप्पा तपासा. दुसरी-तिसरी जुळत नसतील तर जेनइमेजचं कॉन्फिग. तिन्ही जुळूनही बोर्डावर जुनंच दिसत असेल तर चिपचा बूट रॉम कार्डाऐवजी ईएमएमसीवरचा (बोर्डावरच बसवलेल्या मेमरीतला) जुना लोडर उचलतोय, बूट पिन बघा.

शेजारचे खड्डे

इमेजेसमध्ये फाइलच येत नाही: बिल्डरूटमध्ये 'इन्स्टॉल टार्गेट' मुळात येस असतं आणि 'इन्स्टॉल इमेजेस' मुळात नो. तुम्ही 'इन्स्टॉल इमेजेस सीएमडीज' कितीही सुंदर लिहिलं आणि 'इन्स्टॉल इमेजेस'ला येस म्हणायला विसरलात, तर त्या कमांडना कोणी विचारत नाही, एररही येत नाही. लोडरसाठी हे उलटवून ठेवा: टार्गेट नो, इमेजेस येस. लोडर रूट फाइलसिस्टिममध्ये जाऊन काय करणार?

नवा कमिट येतच नाही: गिटची आवृत्ती म्हणून ब्रँचचं नाव दिलेलं असतं. डाउनलोड डिरेक्टरीत त्या नावाचं टारबॉल एकदा तयार झालं की बिल्डरूट पुन्हा गिटकडे जात नाही. पूर्ण कमिट हॅश द्या.

ओव्हरराइड सोर्स डिरेक्टरी वापरताना पॅच लागत नाहीत: लागणारच नाहीत. त्या पद्धतीत डाउनलोड, एक्स्ट्रॅक्ट आणि पॅच हे तिन्ही टप्पे वगळले जातात, सोर्स फक्त आरसिंकने आणला जातो. त्या सोर्समध्ये तुम्ही आधी दुसऱ्या कंपायलरने बिल्ड केला असेल तर जुन्या ऑब्जेक्ट फाइलीही पाहुण्यांसारख्या सोबत येतात.

स्वतः लिहिलेला छोटा लोडर लिंक होत नाही किंवा लिंक होऊन पहिल्याच उडीत मरतो: बिल्डरूटचे नेहमीचे टार्गेट कॉन्फिगर ऑप्शन्स मेकच्या कमांड लाइनवर दिले असतील. कमांड लाइनवरचा सीफ्लॅग्ज मेकफाइलीतल्या सीफ्लॅग्जला गिळतो, आणि त्यासोबत फ्रीस्टँडिंग वगैरे लोडरला जीवनावश्यक असलेले फ्लॅगही जातात. फक्त क्रॉस कंपाइल आणि आर्क द्या. टूलचेनचा रॅपर पीआयई (कुठल्याही पत्त्यावर चालेल असा कोड बनवणारा पर्याय) लावताना कर्नल, यू-बूट आणि बेअरबॉक्स यांना त्यांच्या खास डिफाइनवरून ओळखून सोडून देतो; तुमच्या लोडरला तो ओळखत नाही. म्हणून नो-पीआयई आणि नो-स्टॅक-प्रोटेक्टर हे फ्लॅग लोडरच्या स्वतःच्या मेकफाइलीत हवेत.

ऑफसेट: रॉकचिपच्या चिपांवर पहिला लोडर ६४व्या सेक्टरपासून आणि यू-बूट आयटीबी १६३८४व्या सेक्टरपासून, म्हणजे ८ एमआयबीवर. ऑलविनरवर एसपीएल ८ केआयबीवर, म्हणजे १६व्या सेक्टरवर, आणि १२८ नोंदींचं जीपीटी (पार्टिशन टेबल) ३३व्या सेक्टरपर्यंत पसरतं. तिथे जीपीटी निवडलंत तर दोघांपैकी एक दुसऱ्यावर लिहिला जाणार. नव्या ऑलविनर चिप १२८ केआयबीवरही शोधतात, तिकडे हलवा.

यॉक्टोवाल्यांसाठी

यॉक्टो, म्हणजे बिल्डरूटसारखंच दुसरं बिल्ड-साधन, वापरत असाल तर तुमच्याकडे हा आजार वेगळ्या वेशात येतो. रेसिपीत 'डिपेन्ड्स'मध्ये टीएफ-ए लिहिलं की काम झालं असं वाटतं, पण डिपेन्ड्स फक्त समोरच्या रेसिपीच्या 'पॉप्युलेट सिसरूट' टप्प्याची वाट बघतं. बीएल३१ डिप्लॉय डिरेक्टरीतून उचलत असाल तर तो तिथे ठेवणारा टप्पा 'डू डिप्लॉय' आहे, आणि त्याची वाट बघायला यू-बूटच्या 'डू कंपाइल'च्या 'डिपेन्ड्स' फ्लॅगमध्ये टीएफ-एचा 'डू डिप्लॉय' वेगळा लिहावा लागतो. तो नसेल तर तुमच्याही पहिल्या बिल्डचं भवितव्य त्या दिवशी कुठला टास्क आधी संपतो यावर. फरक इतकाच, की टास्कच्या फ्लॅगमधून डिपेन्डन्सी लिहिलीत तर बिटबेक (यॉक्टोचे टास्क चालवणारं साधन) समोरचा टास्क बदलल्यावर यू-बूट स्वतःहून पुन्हा कंपाइल करतो, रीबिल्डची आठवण ठेवावी लागत नाही.

आमच्या सर्व्हरच्या स्क्रिप्टमधली ती रीबिल्डची ओळ मागच्याच आठवड्यात काढली. त्यानंतरचे सगळे स्वच्छ बिल्ड पहिल्या फटक्यात प्रॉम्प्टपर्यंत गेलेत.